गाव, घर आणि गाठ: तालुक्याचा कॅन्सर-दर काढणाऱ्या नवख्यांसाठी

"आमच्या तालुक्यात कॅन्सर वाढलाय का हो?" हा प्रश्न सभेत विचारला जातो, बातमीत छापला जातो आणि फिरत फिरत आरोग्य विभागात किंवा मेडिकल कॉलेजात नव्याने रुजू झालेल्या कुणाच्या तरी टेबलावर येऊन पडतो. समोर एक एक्सेल फाइल असते. नाव, वय, पत्ता, निदान. ओळी मोजायला दहा मिनिटं पुरतात. पण त्या मोजणीला अर्थ यायचा असेल तर प्रत्येक ओळीला तीन लेबलं नीट लागली पाहिजेत. माणूस कुठल्या गावचा, त्याच्या घरची परिस्थिती काय आणि गाठ नेमकी कशाची. शिवाय जो नियम अंशाला लावला, तोच छेदाला लावायचा. मराठवाड्यातल्या आकड्यांचे घोळ बहुतेक इथेच होतात. रुग्ण मोजले एका नियमाने आणि लोकसंख्या घेतली दुसऱ्याने.

सोबत काय काय लागेल

- रुग्णांची मूळ यादी. त्यात पूर्ण नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, गाव, तालुका, निदानाची तारीख आणि पॅथॉलॉजी रिपोर्टचा मूळ मजकूर हवा. नुसतं "सीए" (कॅन्सर) लिहिलेला रकाना चालणार नाही.
- जनगणना २०११ची गावनिहाय यादी, सहा आकडी ग्राम कोडसह. शक्य असेल तर २००१चीही.
- आयसीडी-१० (सगळ्या आजारांच्या कोडची यादी) आणि आयसीडी-ओची (फक्त गाठींच्या कोडची यादी) तिसरी आवृत्ती. दोन्ही लागतात. का, ते पुढे येईलच.
- कॅनरेग-५ हे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचं मोफत सॉफ्टवेअर. छोट्या कामाला एक्सेल पुरतं, पण पुरुषाला गर्भाशयाचा कोड लागला तर एक्सेल ओरडत नाही, कॅनरेग ओरडतं.
- नकाशा काढायचा असेल तर क्यूजीआयएस.
- जुन्या-नव्या नावांचा तक्ता. हा विकत मिळत नाही, स्वतःच बनवायचा.

## १. यादी कुठून आली ते आधी ओळखा

कॅन्सरच्या नोंदणीचे दोन प्रकार. हॉस्पिटलच्या नोंदणीत त्या हॉस्पिटलात आलेले सगळे रुग्ण असतात, मग ते कुठलेही असोत. लोकसंख्येवर आधारित नोंदणीत ठरलेल्या भागातले सगळे रहिवासी रुग्ण असतात, मग ते कुठेही उपचार घेवोत. दर फक्त दुसऱ्या प्रकारातून निघतो. पहिल्यातून प्रमाण निघतं, म्हणजे "आमच्याकडे आलेल्या शंभरात इतके तोंडाचे" एवढंच. हॉस्पिटलच्या रुग्णसंख्येला जिल्ह्याच्या लोकसंख्येने भागून आलेला आकडा कशाचाच नसतो.

राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रम आयसीएमआरचा (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा), आणि त्याचं काम बंगळुरूच्या राष्ट्रीय रोग माहिती व संशोधन केंद्रातून चालतं. २०२० साली आलेल्या त्याच्या अहवालात लोकसंख्येवर आधारित २८ नोंदण्या आहेत. मराठवाड्यातून त्यात औरंगाबाद आणि उस्मानाबाद-बीड या दोन. तिसरी थोडी आडून येते. बार्शीची ग्रामीण नोंदणी १९८७पासून चालू आहे, देशातली पहिली ग्रामीण नोंदणी तीच, आणि तिच्या क्षेत्रात बार्शीबरोबर धाराशिव जिल्ह्यातले परंडा आणि भूम हे तालुकेही आहेत. म्हणून दोन नोंदण्यांच्या आकड्यांची बेरीज करण्याआधी सीमा तालुक्यागणिक तपासा, नाहीतर एकच रुग्ण दोनदा मोजला जाईल. जालना, परभणी, हिंगोली, नांदेड आणि लातूर त्या २८ जणांच्या यादीत नाहीत. या पाच जिल्ह्यांच्या "दरा"चा कागद हातात आला तर तो कशावरून काढला, हे पहिल्यांदा विचारा.

## २. एक माणूस, तीन फायली

केजच्या बाईची बायोप्सी अंबाजोगाईत, ऑपरेशन पुण्यात आणि शेक बार्शीत. कागद तीन, रुग्ण एक. एकत्र करताना नावावर भिस्त ठेवू नका. शांता, शांताबाई, शांताबाई भ्र. अमुक ही एकच बाई असू शकते. कधी माहेरचं आडनाव असतं, कधी नवऱ्याच्या नावाच्या जागी मुलाचं. नाव, वयात तीन वर्षांपर्यंत फरक, तालुका आणि गाठीची जागा या चारांपैकी तीन जुळले की जोडी बाजूला काढा आणि मूळ कागद डोळ्यांनी बघा. यंत्राने सुचवायचं, ठरवायचं माणसानं.

याच्या उलटही होतं. एकाच माणसाला दोन स्वतंत्र कॅन्सर झाले तर नोंदी दोन. पण आंतरराष्ट्रीय नियम इथे कडक आहे. हिरडीच्या कॅन्सरनंतर पाच वर्षांनी गालाच्या आतून तसाच स्क्वॅमस (सपाट पेशींचा) कॅन्सर निघाला, तर ती एकच नोंद, कारण ओठ, हिरडी, तोंडाचा तळ, टाळू आणि उरलेलं तोंड हा एकच गट धरला जातो. दोन्ही स्तनांत एकाच जातीची गाठ असेल तरी नोंद एकच. डॉक्टर त्याला दुसरा प्रायमरी, म्हणजे नवा मूळ कॅन्सर, म्हणतात आणि उपचारापुरतं त्यांचं बरोबरही असतं. आकडेवारीचा नियम वेगळा आहे, इतकंच.

## ३. गाव: पत्ता आणि रहिवास या दोन गोष्टी

नियम असा की निदानाआधी किमान एक वर्ष त्या भागात राहणारा तो रहिवासी. आधार कार्डावरचा पत्ता म्हणजे रहिवास नव्हे. शहरात भाच्याकडे उतरलेला रुग्ण भाच्याचा पत्ता देतो, तेवढ्याने तो शहरी होत नाही. म्हणून विचारताना "पत्ता काय?" असं विचारू नका. "मागच्या दिवाळीला कुठं होता? आणि पोळ्याला?" असं विचारा.

ऊसतोड कामगारांचं काय करायचं? बीड, आष्टी, पाटोदा, धारूर, वडवणी या पट्ट्यातली कुटुंबं दिवाळीच्या आगेमागे कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. सहा महिने बाहेर असली तरी त्यांचं घर गावीच असतं. त्यांना मूळ गावीच मोजा. निदान कोल्हापूरला झालं असलं तरी. लातूर किंवा पुण्यात खोली करून वर्ष-दोन वर्षं राहिलेलं कुटुंब मात्र तिकडचं.

मग येतो कोड. जनगणना २०११मध्ये महाराष्ट्राचा कोड २७. नांदेड ५११, हिंगोली ५१२, परभणी ५१३, जालना ५१४, औरंगाबाद ५१५, बीड ५२३, लातूर ५२४, उस्मानाबाद ५२५. केंद्र सरकारच्या एलजीडी या निर्देशिकेतले जिल्ह्यांचे कोड वेगळे आहेत. दोन्ही आकडीच असल्यामुळे एका फाइलीत मिसळले की कुणाच्या लक्षात येत नाही. रकान्याच्या डोक्यावर "जग. २०११" किंवा "एलजीडी" असं ठळक लिहून ठेवा.

नावांचा तक्ता इथे कामाला येतो. औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचं धाराशिव झालं. जुन्या कागदांवर अंबाजोगाईचं मोमिनाबाद भेटेल. इंग्रजी जनगणनेत बीडचं स्पेलिंग आपण रोज लिहितो तसं नाही, 'बिड' असं वाचावं लागतं, म्हणून नावावरून शोधलं की बीड "सापडत नाही". जिल्हेही फुटलेले आहेत. जालना १९८१ साली औरंगाबादेतून, लातूर १९८२ साली उस्मानाबादेतून, हिंगोली १९९९ साली परभणीतून निघाला. १९९०च्या परभणीची २०१०च्या परभणीशी तुलना करायची असेल तर हिंगोली आधी परत जोडून घ्या.

गावाच्या नावाने कधीच जोडू नका. पिंपळगाव, वडगाव, हिवरा, पिंप्री ही नावं मराठवाड्यात पैशाला पासरी आहेत, एकेका तालुक्यात दोन-दोन, खुर्द आणि बुद्रुक धरून. तालुका लिहिलेला नसेल तर प्राथमिक आरोग्य केंद्र विचारा, लगेच उलगडतं. पिनकोडचा आधार घेऊ नका. पिन टपालाच्या सोयीचा असतो, तालुक्याची हद्द त्याला ठाऊक नसते.

शहर की खेडं, हेही जनगणनेच्या व्याख्येने ठरवायचं. महापालिका, नगरपालिका, छावणी असेल तर शहर. नसेल तर तीन अटी: लोकसंख्या किमान ५,०००, कामकरी पुरुषांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेरचे आणि दर चौरस किलोमीटरला किमान ४०० माणसं. आता छत्रपती संभाजीनगरला लागून असलेलं सातारा-देवळाई बघा. हा भाग २०११च्या जनगणनेत महापालिकेत नव्हता, नंतर आला. तिथल्या रुग्णाला आज "महापालिका" लिहून छेद मात्र २०११च्या महापालिकेचा घेतला, तर शहराचा दर फुगतो. हद्द एका वर्षाची ठरवा आणि दोन्हीकडे तीच वापरा.

## ४. गाठ: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

आयसीडी-१० ही सगळ्या आजारांची यादी. मृत्यूचे दाखले तिच्यावर चालतात. तिच्यात सी ००पासून सी ९७पर्यंतचे कोड कॅन्सरचे. आयसीडी-ओ फक्त गाठींसाठी आहे आणि तिच्यात प्रत्येक गाठीला दोन कोड मिळतात. एक जागेचा, उदाहरणार्थ सी ५३.९. दुसरा पेशींच्या जातीचा, उदाहरणार्थ ८०७०/३. तिरप्या रेघेनंतरचा आकडा गाठीचं वर्तन सांगतो. ० म्हणजे साधी, १ म्हणजे अनिश्चित, २ म्हणजे जागच्या जागी असलेली, ३ म्हणजे घातक आणि मूळ, ६ म्हणजे दुसरीकडून पसरलेली. कॅन्सरच्या दरात फक्त /३ मोजतात. नोंदणीत /६ वापरत नाहीत. मूळ जागा शोधून तिथे /३ लावतात.

रोज लागणारे जातीचे कोड पाठच होतील: ८०७०/३ स्क्वॅमस, ८१४०/३ ॲडिनोकार्सिनोमा, ८५००/३ स्तनाचा डक्टल, ८०१०/३ नुसताच कार्सिनोमा, ८०००/३ घातक पण जात न कळलेला. शेवटचे दोन फार येऊ लागले तर समजा, रिपोर्ट न बघता डिस्चार्ज कार्डावरून कोड लावले जात आहेत.

दोन्ही याद्यांत 'सी'ने सुरू होणारे कोड सारखे दिसतात, म्हणून त्या एकच आहेत असं वाटतं. तसं नाही. सी ७७ हा आयसीडी-१०मध्ये लसिकाग्रंथीत पसरलेला कॅन्सर, आयसीडी-ओमध्ये मात्र नुसती लसिकाग्रंथी ही जागा. ल्युकेमिया आयसीडी-१०मध्ये सी ९१ ते ९५. आयसीडी-ओमध्ये त्याची जागा अस्थिमज्जा, सी ४२.१, आणि आजार कळतो तो जातीच्या कोडवरून. दोन याद्यांतले कोड एकाच रकान्यात आले की मराठवाड्यात ल्युकेमिया "गायब" होतो.

आता बोलीभाषेतले सापळे.

"गर्भपिशवीचा कॅन्सर." नातेवाईक असं सांगतात तेव्हा बऱ्याचदा त्यांना गर्भपिशवीच्या तोंडाचा म्हणायचं असतं. गर्भाशयमुख सी ५३, गर्भाशयाचा मुख्य भाग सी ५४ आणि नेमकं न कळलेलं गर्भाशय सी ५५. सांगोवांगीवरून सी ५५ लावला की मुखाच्या कॅन्सरचा आकडा घटतो आणि तालुक्यात सुधारणा झाल्यासारखं दिसतं. सी ५५ची प्रत्येक फाइल परत उघडा. रिपोर्टवर स्क्वॅमस लिहिलेलं असेल तर जवळजवळ नेहमी तो सी ५३ निघतो, पण बदल करण्याआधी डॉक्टरांकडून खात्री करून घ्या.

"सर्व्हायकल नोड." रिपोर्टवर असतं "मेटास्टॅटिक स्क्वॅमस, सर्व्हायकल लिंफ नोड". इथे सर्व्हायकल म्हणजे मानेचा. त्याचा गर्भाशयाशी संबंध नाही. नवखा माणूस सी ५३ टाकतो आणि रुग्ण पुरुष असतो. पुरुष असला तर सॉफ्टवेअर पकडतं. बाई असली तर चूक तशीच अहवालात जाते. अशी गाठ बहुधा तोंडातून किंवा घशातून उतरलेली असते. मूळ जागा सापडली तर तिचा कोड, नाही सापडली तर सी ८०.९.

"गालाचा कॅन्सर." आतून असेल तर सी ०६.०, बाहेरच्या कातडीचा असेल तर सी ४४.३ आणि नुसतं "गाल" लिहिलेलं असेल तर सी ७६.०. तंबाखू-चुना किंवा गुटखा दाढेजवळ धरणाऱ्यांच्या मुलखात हा प्रश्न रोजचा आहे. खालची हिरडी सी ०३.१, दाढेमागचा भाग सी ०६.२. रिपोर्टवर "जीबीएस" दिसलं तर ती हिरडी आणि गाल यांमधली खाच. गाठ जिथून सुरू झाली तो कोड द्यायचा.

"तोंडाचा कॅन्सर" हा शब्द तर अहवालांतही एकसारखा नाही. राष्ट्रीय अहवालात तोंड म्हणजे सी ०३ ते ०६, जीभ वेगळी. ग्लोबोकॅन या जागतिक तक्त्यात ओठ आणि तोंड म्हणून सी ०० ते ०६ एकत्र, म्हणजे जीभही आत. या दोन आकड्यांची तुलना करून "जगापेक्षा आपल्याकडे कमी" असं लिहिणारे कमी नाहीत.

"घशाचा" म्हणजे स्वरयंत्र सी ३२, खालचा घसा सी १३, मधला घसा सी १०, की अन्ननलिका सी १५? लोक चारही ठिकाणी हात गळ्यालाच लावतात. एंडोस्कोपीचा कागद मिळेपर्यंत कोड अर्धवट ठेवा.

आणखी एक. तपासणी शिबिरानंतर सीआयएन-३चे, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कॅन्सरपूर्व बदलाचे, रिपोर्ट गठ्ठ्याने येतात. ते वर्तन /२, आयसीडी-१०मध्ये डी ०६. ते नोंदवा, पण दरात धरू नका.

## ५. वय

पाच-पाच वर्षांचे गट करायचे, म्हणून वयातली चूक थेट दरात उतरते. खेड्यात वय ५०, ६०, ६५ असं गोल सांगितलं जातं. ५८ वर्षांची बाई "साठ" म्हणाली की ती पुढच्या गटात गेली. आधारवर जन्मतारीख १ जानेवारी दिसली तर तो अंदाज समजा. विचारायची जुनी रीत अजून चालते. रझाकारांच्या वेळी, म्हणजे १९४८ साली, जन्म झाला होता का? ७२च्या दुष्काळात रोजगार हमीवर खडी फोडायला जाण्याइतकं वय होतं का? किल्लारीच्या भूकंपाच्या वेळी, सप्टेंबर १९९३मध्ये, थोरला मुलगा केवढा होता?

## ६. घर: ऐपत मोजायची कशी

कॅन्सर-नोंदणीच्या कागदावर उत्पन्न बहुधा नसतंच, फार तर शिक्षण असतं. ते काळजीने भरून घ्या. सांगणाऱ्याला शिक्षण सांगायला लाज कमी वाटते आणि ते वर्षागणिक बदलत नाही.

सामाजिक-आर्थिक थर ठरवायला आपल्याकडे तीन पट्ट्या चालतात. प्रसाद यांची १९६१ची, दरडोई मासिक उत्पन्नावर. कुप्पुस्वामी यांची १९७६ची, शहरांसाठी, शिक्षण, व्यवसाय आणि उत्पन्न मिळून जास्तीत जास्त २९ गुण. पारीक यांची १९६४ची, खेड्यांसाठी. पहिल्या दोन्हींतल्या उत्पन्नाच्या मर्यादा महागाई निर्देशांकाने दरवेळी वाढवून घ्याव्या लागतात. जुन्याच मर्यादा वापरल्या तर अख्खा तालुका "उच्चवर्गीय" निघतो.

पण कोरडवाहू भागात उत्पन्न विचारणं हाच मोठा घोटाळा आहे. सोयाबीनचं साल आणि दुष्काळाचं साल यांत जमीन-अस्मानाचा फरक. ऊसतोड जोडप्याला मुकादमाकडून मिळालेली उचल ते "उत्पन्न" म्हणून सांगतात. ती कामातून फेडायची असते, म्हणजे ते कर्ज झालं. शिवाय कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून एक, त्यामुळे बाईची कमाई वेगळी निघतच नाही. जमिनीवरून ठरवायचं म्हटलं तर आष्टीतली पाच एकर जिरायत आणि पैठणच्या कालव्याखालची दोन एकर बागायत एका तराजूत कशी तोलणार?

रेशनकार्डाचा रंगही जपून वापरा. पांढरं कार्ड म्हणजे कागदोपत्री लाखावर उत्पन्न. पण मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांसह १४ शेतकरी-आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांत पांढरं कार्डवाल्या शेतकऱ्यांना सातबाऱ्यावर महात्मा फुले योजनेचा लाभ होता. त्यामुळे "योजनेतला" आणि "गरीब" हे समानार्थी नाहीत.

व्यवहारात जमतं ते असं. घरातल्या वस्तू आणि सोयींवर गुण द्या: पक्कं घर, नळ, संडास, गॅस, दुचाकी, फ्रिज. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचा संपत्ती निर्देशांक असाच बनतो आणि लोकसंख्या पाच समान भागांत वाटली जाते. घरागणिक माहिती नसेल तर गावाला गुण द्या. जनगणनेत गावनिहाय साक्षरता आहे, घरांच्या सोयींची माहितीही आहे. गावं चढत्या क्रमाने लावा आणि पाच गट करा. मात्र गट करताना गावांची संख्या नव्हे, लोकसंख्या समान आली पाहिजे. इंग्लंडमध्ये हेच काम सरासरी १,५०० वस्तीच्या छोट्या विभागांवर करतात, त्यामुळे विभागातली घरं बऱ्यापैकी एकसारखी असतात. आपल्या आठ हजार वस्तीच्या गावात वाडा आणि पालं एकाच कोडमध्ये बसतात. म्हणून "मागास गावांत दर जास्त" असं लिहिता येईल, "गरिबांत दर जास्त" असं लिहिता येणार नाही. गावाचं लेबल माणसाला चिकटवू नका.

थरागणिक दर काढायचा तर थरागणिक लोकसंख्याही हवी. ती नसेल तर दराचा नाद सोडा आणि रुग्णांमध्येच तुलना करा. न शिकलेल्या बायकांत निदानावेळी तिसरी-चौथी स्टेज किती टक्के, दहावी झालेल्यांत किती? याला छेद लागत नाही आणि उत्तर जास्त कामाचं असतं. "माहिती नाही" हा रकाना कधी गाळू नका. शिक्षण न लिहिलेले रुग्ण बहुधा उशिरा आलेले, लवकर गेलेले असतात. ते गाळले की गरीब थराचं चित्र उजळ दिसतं.

## ७. छेद: २०११नंतरचा खड्डा

२०११च्या जनगणनेत मराठवाड्याची लोकसंख्या १,८७,३१,८७२ होती. २०२१ची जनगणना झालीच नाही, त्यामुळे पुढचं सगळं अंदाजाने. बीड जिल्हा २००१ साली २१,६१,२५० होता, २०११ साली २५,८५,०४९. म्हणजे वर्षाला साधारण १.७९ टक्के वाढ. तीच गती धरली तर २०२४च्या रुग्णांखाली २०११ची लोकसंख्या ठेवल्याने दर सुमारे २६ टक्क्यांनी फुगतो. एकही रुग्ण न वाढता. अंदाज काढताना स्त्री-पुरुष आणि प्रत्येक वयोगट वेगळा काढा, आणि काढण्याची रीत तक्त्याखाली लिहा.

बीडसाठी आणखी एक गोष्ट. ऊसतोड बायकांची गर्भाशयं काढण्याचं प्रमाण एवढं गाजलं की २०१९ साली राज्य सरकारने चौकशी समिती नेमली. आकडेवारीवाल्याला त्याचा अर्थ असा की मुखासकट गर्भाशय काढलेली बाई सी ५३ किंवा सी ५४च्या छेदात नकोच. समजा ५०–५४ वयाच्या २५,००० व्यक्ती-वर्षांत (बायका गुणिले वर्षं) ७ रुग्ण आहेत. दर लाखाला २८. त्यातल्या पाचव्या हिश्श्याच्या बायकांचं ऑपरेशन झालेलं असेल तर खरा छेद २०,००० आणि दर ३५. न सुधारलेला आकडा बघून "इथं कमी आहे" म्हणणं चुकीचं.

## ८. दर काढा

एक कल्पित तालुका घेऊ. पाच वर्षं, बायका, सी ५३, वय ३५ ते ६४.

- ३५–३९: ५०,००० व्यक्ती-वर्षं, रुग्ण २, दर ४
- ४०–४४: ४०,०००, रुग्ण ४, दर १०
- ४५–४९: ३५,०००, रुग्ण ७, दर २०
- ५०–५४: २५,०००, रुग्ण ७, दर २८
- ५५–५९: २५,०००, रुग्ण ८, दर ३२
- ६०–६४: २५,०००, रुग्ण १०, दर ४०

व्यक्ती-वर्षं म्हणजे मधल्या वर्षाची लोकसंख्या गुणिले पाच. एकूण रुग्ण ३८, व्यक्ती-वर्षं दोन लाख, कच्चा दर लाखाला १९. आता प्रत्येक गटाच्या दराला सेगी यांच्या जागतिक प्रमाण लोकसंख्येचं वजन द्या. या सहा गटांना शंभरात ६, ६, ६, ५, ४, ४. गुणाकारांची बेरीज ६३२, वजनांची ३१. भागाकार २०.४. हा वय-समायोजित दर, म्हणजे वयोगटांच्या कमी-जास्त प्रमाणाचा परिणाम काढून टाकलेला. सगळ्या वयांचा काढायचा तर शून्य ते चारपासून वजनं अशी: १२, १०, ९, ९, ८, ८, ६, मग वरची सहा, पुढे ३, २, १, अर्धा, अर्धा. बेरीज १०० आली पाहिजे.

आता ३८ हा आकडा किती पक्का? पॉयसनच्या (योगायोगाने आकडा किती खालीवर होईल ते सांगणाऱ्या) हिशोबाने ३८ला ९५ टक्के मर्यादा साधारण २७ ते ५२. म्हणजे कच्चा दर १३ ते २६च्या मध्ये कुठेही असू शकतो. शेजारच्या तालुक्याचा १६ आला म्हणून त्याला "चांगला" म्हणायला जागा नाही. पाच रुग्ण असतील तर मर्यादा १.६ ते ११.७. इतक्या कमी रुग्णांवर दर छापूच नका. एका गावात तीन रुग्ण सापडले की विहिरीच्या पाण्यावर बातमी होते, तेव्हा हे गणित आधी दाखवा. मग पाणी जरूर तपासा.

## ९. नकाशा आणि तुलना

मराठवाड्यात ७६ तालुके. एका वर्षाचे आकडे घेऊन तालुक्यांना लाल-हिरवे रंग दिले तर सगळ्यात लाल आणि सगळ्यात हिरवे दोन्ही बहुधा छोट्या लोकसंख्येचे तालुके निघतात. पाच वर्षं एकत्र करा, तरी रुग्ण २०च्या आत राहिले तर शेजारचे तालुके जोडा. गावपातळीचा नकाशा बाहेर देऊ नका. छोट्या गावात "पुरुष, स्तनाचा कॅन्सर, १ रुग्ण" म्हटलं की अख्ख्या गावाला नाव कळतं.

कमी दर म्हणजे कमी आजार असं धरून चालू नका. २०२०च्या राष्ट्रीय अहवालात उस्मानाबाद-बीडचा वय-समायोजित दर लाखाला पुरुषांत ३९.५ आणि बायकांत ४९.४, २८ नोंदण्यांत सगळ्यात कमी. दुसऱ्या टोकाला मिझोरममधल्या ऐझॉल जिल्ह्यातले पुरुष, २६९.४. फरकातला काही भाग खरा असणारच, खाणं-व्यसनं वेगळी आहेत. पण निदान न होता गेलेले म्हातारे किती? सोलापूर, पुणे, हैदराबादला जाऊन निदान झालेल्यांपैकी किती जणांचे कागद परत आले? देगलूर-किनवटचा रुग्ण तेलंगणात जातो, उदगीरचा बिदरला. ते स्रोत नोंदणीच्या फेरीत आहेत का, हे बघितल्याशिवाय "मराठवाड्यात कॅन्सर कमी" हे वाक्य लिहू नये.

वाढही अशीच फसवते. धाराशिव जिल्ह्यात १९९९ साली सुरू झालेल्या मोठ्या अभ्यासात ५२ गावसमूहांतल्या ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका होत्या. एका एचपीव्ही (या कॅन्सरमागचा विषाणू) चाचणीने गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात, हे त्यातून २००९ साली दिसलं. तपासणी सुरू झाली की पहिल्या वर्षी लपलेले कॅन्सर एकदम बाहेर येतात आणि दर उडी घेतो. त्या उडीवर ओरड करण्याआधी शिबिरांची तारीख बघा.

## १०. छापण्याआधी

चार आकडे काढा. पेशींच्या तपासणीने पक्के झालेले किती टक्के, फक्त मृत्यूच्या दाखल्यावरून कळलेले किती, मृत्यू आणि नव्या रुग्णांचं गुणोत्तर किती, आणि जागा न कळलेले, म्हणजे सी २६, सी ७६, सी ८० वगैरे, किती. पहिला आकडा शंभरच्या अगदी जवळ आला तर खुश होऊ नका. बायोप्सी न झालेले रुग्ण तुम्हाला सापडलेच नाहीत, असाही त्याचा अर्थ असतो. मृत्यूचा दाखला, हॉस्पिटलचा नमुना ४ आणि घरच्या मृत्यूचा ४-अ, बघताना "हृदयक्रिया बंद पडल्याने" या ओळीवर थांबू नका. खालची मूळ कारणाची ओळ वाचा. ती कोरी असेल तर गावात आशाताईंना विचारा, त्यांना माहीत असतं.

तक्त्याखाली टीप हवीच, साधारण अशी:

"रुग्ण: निदानाआधी किमान एक वर्ष तालुक्यात राहणाऱ्या बायका, ऊसतोडीला गेलेल्या धरून. हद्द: जनगणना २०११. गाठ: आयसीडी-ओ तिसरी आवृत्ती, सी ५३, वर्तन ३. लोकसंख्या: २००१–२०११च्या गतीने वाढवलेली, गर्भाशय काढलेल्या बायका वजा केलेल्या नाहीत. वय-समायोजन: सेगी जागतिक लोकसंख्या, ३५–६४. वीसपेक्षा कमी रुग्णांचे तालुके शेजारच्यांत जोडले आहेत. शिक्षण माहीत नसलेल्या रुग्णांचा रकाना वेगळा दिला आहे."

ही टीप तक्त्याच्याच पानावर आणि त्याच फाँटमध्ये छापा. बारीक अक्षरात मागच्या पानावर गेली की पहिल्याच झेरॉक्समध्ये गळते.